कडेच्या बागेची भवानी

माघ सरत आला की नाशिकच्या गंगापूर रोडच्या हवेत एक हिरवा, किंचित आंबूस वास मिसळतो. क्रेट भरून निघालेल्या टेम्पोंच्या मागे तो रेंगाळत राहतो. त्यात चिरडलेल्या देठांचा वास असतो, घडांभोवतीच्या ओलसर कागदाचा असतो, दव उतरून गेलेल्या पानांचाही असतो. सकाळी शाल लागते आणि दुपारी सावली हवीशी वाटते, असे हे दिवस. संध्याकाळी हातगाड्यांवर दिवे लागले की त्या पिवळ्या उजेडात द्राक्षांचे मणी आतून पेटल्यासारखे दिसतात. थांबून एखादा मणी तोंडात टाकावा, तर दाताखाली आधी सालीचा बारीकसा विरोध जाणवतो, आणि मग ती थंड, सावकाश पसरणारी गोडी.

परवा अशाच एका संध्याकाळी दुकानात खरेदी झाल्यावर मी कार्ड काढले. दुकानदाराने रक्कम टाकली, मी यंत्राला कार्ड टेकवले, आणि नेहमीचा तो छोटासा विराम आला. पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहिले. त्या विरामात तो आणि मी, एकमेकांना नावानेही न ओळखणारी दोन माणसे, एकाच गोष्टीकडे श्वास धरून पाहत होतो. मग यंत्रातून बारीक आवाज आला. ‘झालं,’ तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही पुन्हा आपापल्या अनोळखीपणात परतलो.

या विरामाच्या पोटात काय काय घडते, हे मला मंदावहिनीमुळे कळले. द्राक्षांचाच मोसम होता तो. आता काही वर्षे झाली, पण यंत्रावरचे वर्तुळ फिरू लागले की मला अजूनही त्यांच्या बागेतल्या कागदांची सळसळ ऐकू येते.

मंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दिंडोरीच्या पुढे त्यांची बाग आहे. बागेच्या कडेला, ओढ्याला लागून, एक वेगळा तुकडा आहे. वेली लावताना दादा चेष्टेत म्हणाला होता, ‘ही कडेची बाग तुझी.’ वहिनींनी ती चेष्टा कधीच चेष्टा म्हणून घेतली नाही. छाटणी, विरळणी, घडांना कागद बांधणे, त्या तुकड्यातले सगळे त्या स्वतः उभ्या राहून करून घेत. पण काढणीला व्यापारी यायचा, सगळ्या बागेचा एकच भाव ठरायचा, आणि ओढ्याकाठची ती द्राक्षे इतरांबरोबर त्याच क्रेटमध्ये, त्याच गाडीत निघून जायची.

‘माझी द्राक्षं कोणाच्या तोंडी लागली, ते मला कधी कळतच नाही, वन्सं,’ त्या एकदा म्हणाल्या होत्या. तक्रार नव्हती ती. पाहुणा जेवून गेल्यावर पदार्थ कसा झाला होता हे कुणीच सांगू नये, तशी काहीतरी हुरहूर होती.

म्हणून त्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांनी ठरवले की कडेच्या बागेचा माल आपण स्वतः विकायचा, ऑनलाइन. आधी घरातले बेदाणे, मग मोसम आला की ताजी द्राक्षे. माझ्या नाशिकच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, आम्ही त्यांच्या दुकानाचे पान तयार केले. मजकूर माझ्याकडे होता. मी ‘मधाळ’ असा शब्द लिहिला तर त्यांनी तो खोडायला लावला.

‘मध वेगळा, द्राक्ष वेगळं. नुसतं लिहा, गोड हाय, साल पातळ हाय.’

मी ‘हाय’चे ‘आहे’ केले, बाकी तसेच ठेवले. त्याहून चांगले वाक्य मला आजही सुचलेले नाही.

मग पैसे घेण्याची व्यवस्था आली. पॅन कार्ड, बँकेचे पासबुक, बागेचे फोटो असे सगळे पाठवल्यावर एका पेमेंट गेटवे कंपनीने वहिनींच्या नावाचे खाते उघडून दिले. हे प्रकरण त्यांना समजावून सांगताना मलाच ते पहिल्यांदा नीट दिसले. दुकान आपले, पण पैसे घेण्याची खिडकी त्या कंपनीची. गिऱ्हाईक आपल्या पानावर बटण दाबते आणि नकळत त्या खिडकीशी जाऊन उभे राहते. तिथे ते कार्डाचा आकडा लिहिते. आपल्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही; शेवटचे काही अंक सोडले तर सगळ्यांच्या जागी चांदण्या उमटतात. खिडकीतून तो आकडा कुलूपबंद होऊन कार्डाच्या जाळ्यात शिरतो, तिथून गिऱ्हाइकाच्या बँकेच्या दारी जातो. बँक आपल्या माणसाच्या फोनवर ओटीपी पाठवून विचारते, तूच का रे तो? त्याने ओळख पटवली, खात्यात तेवढे पैसे असले, की बँकेचा होकार आल्या वाटेने परत निघतो. चहाचा एक घोट गिळून होईपर्यंत एवढा प्रवास झालेला असतो. मात्र पैसे अजून आलेले नसतात. आलेला असतो तो फक्त होकार. पैसे येतात नंतर, कामाचा एखाददुसरा दिवस उलटल्यावर, सगळ्या गिऱ्हाइकांचे एकत्र, कंपनीचा आपला वाटा कापून.

‘म्हणजे आधी साखरपुडा, मग लग्न,’ वहिनी म्हणाल्या.

‘आणि मधल्यांची दलाली,’ दादाने वर्तमानपत्रामागून भर घातली.

‘मोडलं तर?’ वहिनींनी विचारले.

‘तर रिफंड,’ मी म्हणाले. ‘आहेर परत.’

पार्सल पोहोचलेच नाही असे गिऱ्हाइकाने आपल्या बँकेला सांगितले, तर बँक ते पैसे मागे ओढू शकते आणि माल दिल्याचा पुरावा दुकानदाराला द्यावा लागतो, हेही मी सांगितले. मला स्वतःला ही रचना थोडी कोरडी वाटत होती. प्रत्येक पावलावर कुणीतरी कुणालातरी विचारतो आहे, तूच का तो? वहिनींना मात्र त्यात काही खटकले नाही. ‘बरंय की,’ त्या म्हणाल्या. ‘अनोळखी माणसाला दारात विचारूनच आत घ्यावं. विचारलं म्हणजे अपमान होतो असं कुठंय?’

वहिनींचे माहेर मनमाडचे. स्टेशनाबाहेर त्यांच्या वडिलांची फळांची गाडी असे. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाल्याशिवाय ते उधारी देत नसत आणि नोट मोडून सुटे देत नसत. भवानीचे नाणे आधी गाडीच्या कडेला टेकवायचे, मग डोळ्यांना लावायचे, आणि गल्ल्यात टाकायचे. एकदा गल्ल्यात पडलेला भवानीचा पैसा परत जायचा नाही. फळ नासके निघाले म्हणून कुणी भांडत आले तर ते दुसरे फळ देत, चांगले निवडून देत. पैसे देत नसत.

आता ऑनलाइन दुकानाला ना फळी, ना गल्ला. त्याची सकाळ नेमकी कधी होते, हेही कुणाला ठाऊक नाही. मग त्याची भवानी व्हायची कशी? वहिनींनी यावर आपला उपाय काढला. रोज पहाटे अंगणात सडा टाकून झाला की त्या ओट्यावर बसत आणि आपल्याच दुकानातून बेदाण्यांचे एक खोके मागवत. पैसे भरायचे आपल्याच कार्डाने. फोनवर आलेला ओटीपी त्या देवाचे नाव घ्यावे तशा मोठ्याने वाचत. पैसे भरल्याची खूण उमटली की फोन डोळ्यांना लावत. ओल्या मातीचा वास, पाणी तापवणाऱ्या चुलीचा धूर आणि त्या अर्धवट उजेडात पडद्याची निळसर झळाळी त्यांच्या चेहऱ्यावर. मी मुक्कामाला असले की अंथरुणातून हे पाहत असे, आणि मला ते फार सुंदर वाटे. विकत घेतलेले खोके त्या खरोखर बांधत, आणि सुरगाण्याकडून कामाला आलेल्या बायकांपैकी जी पहिली बागेत पोहोचेल तिच्या हातात ठेवत. या बायकांची पुढारी सोनीबाई. ती फाटकातूनच ओरडायची, ‘आज खोकं कोनाचं?’

दादा म्हणायचा, ‘या खिशातून त्या खिशात, आणि मधे टोलनाका!’ कारण प्रत्येक भवानीमागे गेटवेचा वाटा कापला जाई. मधूनमधून दुपारी कुठूनकुठून बेदाण्यांच्या खऱ्या मागण्या येत, आणि त्यांचे श्रेय वहिनी पहाटेच्या भवानीला देत.

थंडी हटली. मण्यांमध्ये पाणी भरले, मग साखर. कडेच्या बागेतले घड कागदाआडून जड दिसू लागले. गोडी मोजायच्या यंत्रात दादाने थेंब टाकून पाहिला आणि भुवया उंचावल्या. वहिनींनी दुकानाच्या पानावर ताज्या द्राक्षांचे फोटो चढवले. त्याच दिवशी दुपारी गेटवे कंपनीची इंग्रजी मेल आली. व्यवहार संशयास्पद वाटत असल्याने खाते तूर्त थांबवले आहे. आमच्या पानावर गेले की आता लिहून येत होते, सध्या पैसे स्वीकारता येत नाहीत.

वहिनींनी मेल माझ्याकडून मराठीत करून घेतली आणि विचारले, ‘संशय? कोणाचा?’

‘तुमचा.’

त्यांनी पदर खोचला. ‘लावा फोन.’

बराच वेळ गाणे ऐकल्यावर फोनवर एक बाई आल्या. आवाज शांत आणि थकलेला. पलीकडून मराठी बोलणे ऐकून त्याही मराठीत आल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, दुकानमालकाने स्वतःच्या कार्डाने स्वतःच्याच दुकानात पैसे भरायचे नसतात. नियम आहे तसा.’

‘माल दिलाय मी. रोजचा रोज. खोटं नाय केलं.’

‘खोटं केलंत असं मी म्हणतच नाही. पण आमच्या यंत्रणेला रोज पहाटे तेच कार्ड, तेच नाव, तीच रक्कम दिसते. चोरलेलं कार्ड चालतंय का ते बघणारे असंच करतात. खोटी विक्री दाखवणारेही असंच करतात.’

‘मग यंत्रणेला सांगा, ही भवानी हाय.’

पलीकडे त्या बाई मनापासून हसल्या. ‘अहो, भवानीसाठी रकाना नाहीये आमच्याकडे! एक करा. ते सगळे व्यवहार रिफंड करा. तुमचेच पैसे तुमच्याच कार्डावर परत येतील. तेवढं झालं की मी खातं पुन्हा तपासणीला पाठवते. उघडेल बहुतेक.’

‘ते नाय व्हायचं.’

‘का हो?’

‘भवानी परत देत नसतात,’ वहिनी म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात देऊन उठून गेल्या.

थोड्याच वेळात व्यापाऱ्याचा निरोप आला. सकाळी येतो. सगळी बाग घेतो. कडेचा तुकडा ठेवायचा तर ठेवा, पण मग त्याच्यासाठी पुन्हा गाडी पाठवणार नाही. याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. तुकडा ठेवला आणि दुकान उघडले नाही, तर ती द्राक्षे वेलीवरच सुकतील. पिकलेले द्राक्ष कुणाच्या तपासणीसाठी थांबत नाही. आणि तुकडा दिला, तर दर वर्षीसारखेच: तोच टेम्पो, तेच क्रेट, आणि ती द्राक्षे कोणाच्या तोंडी लागली हे याही वर्षी कळणार नाही.

दादा चहा पिताना एवढेच म्हणाला, ‘तू ठरव. बाग तुझीय.’ त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

उन्हे कलली तशी मी वहिनींना शोधत कडेच्या बागेत गेले. मांडवाखाली हिरवा काळोख होता आणि त्यात उन्हाची नाणी सांडली होती. वहिनी घडांचे कागद उकलून पाहत होत्या. प्रत्येक कागद सुटताना कोरडा, हलका आवाज होई, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. एक घड त्यांनी मला चाखायला दिला. आम्ही काही वेळ नुसत्या खात राहिलो. रसाने बोटे चिकट झाली.

‘वन्सं, परत एकदा सांगा,’ त्या एकदम म्हणाल्या. ‘मी पहाटे बटण दाबलं की ते विचारणं कुठं जातं?’

‘गेटवेकडे. तिथून कार्डाच्या जाळ्यात. तिथून बँकेत.’

‘कोणाच्या बँकेत?’

‘कार्ड ज्याचं त्याच्या. म्हणजे तुमच्याच.’

‘बँक कोणाला विचारते?’

‘तुम्हाला.’

‘हो कोण म्हणतं?’

‘तुम्हीच.’

‘आणि पैसे उतरतात कुठं?’

‘तुमच्याच खात्यात.’

त्यांनी हातातला कागद घडी घालून कमरेला खोचला. ओढ्याच्या बाजूने थंड वारा आला, आणि सगळे कागदातले घड एकदम किंचित हलले.

‘एवढ्या लांबून फिरून दारात कोण आलं मग? मीच,’ वहिनी म्हणाल्या. ‘आमच्या बाबांनी स्वतःच्या खिशातला रुपया काढून स्वतःच्या गल्ल्यात टाकला असता, तर त्याला काय भवानी म्हणाले असते? शेजारचे गाडीवाले हसले असते त्यांना. भवानी दुसऱ्याच्या हातची असावी लागते. ज्याला गरज नाही, ओळख नाही, तरी आपल्यापाशी थांबला, त्याच्या हातची.’ मग त्या म्हणाल्या, ‘दुपारी येणाऱ्या त्या ऑर्डरी, त्याच होत्या भवान्या. आणि मी त्यांना साधं डोळ्यांनासुद्धा लावलं नाही.’

आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागले.

‘एवढे दिवस बिनभवानीचं दुकान चालवलं की हो मी! लय शहाणी!’

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या ओळीतून सोनीबाईने डोके काढले. ‘काय झालं, वैनी?’

‘काय नाय. तुम्ही खाल्लेले बेदाणे फुकटचे होते म्हणे.’

‘फुकटचे होते म्हनूनच गोड लागले,’ सोनीबाई म्हणाली, आणि डोके पुन्हा पानांत नाहीसे झाले.

दिवेलागणीला ओट्यावर बसून वहिनींनी रिफंड करायला घेतले. प्रत्येक वेळी पडदा विचारायचा, नक्की परत करायचे? आणि प्रत्येक वेळी त्या उत्तर द्यायच्या, ‘हो बाई, नक्की.’ आत कुकरची शिट्टी होत होती, गोठ्यात गाय दावणीला शिंगे घासत होती. एकेक पहाट त्या परत करत होत्या, पण चेहऱ्यावर हळहळ नव्हती. एखादी वस्तू चुकून आपल्या घरी आली होती, ती ज्याची त्याला पोहोचवावी, इतक्या सहजपणे त्या बटण दाबत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘मधला वाटा मात्र गेला.’

‘टोल कधी परत मिळतो का?’ दादा म्हणाला.

सकाळी व्यापारी आला. खाते अजून बंदच होते. कंपनीकडून एवढेच कळले होते की तपासणी सुरू आहे. वहिनींनी त्याला चहा दिला, साखर विचारली, आणि दादाकडे वळून म्हणाल्या, ‘बाकी सगळी द्या यांना. कडेची ठेवा.’

‘दुकान उघडलं नाही तर?’

‘नाही उघडलं तर सुकतील. पण एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला विचारून बघितल्याशिवाय नको द्यायला.’

क्रेट भरून टेम्पो गेला, आणि त्या दिवशी बागेचा मोठा भाग पडदे काढलेल्या खोलीसारखा उघडा, उजेडाने भरलेला दिसू लागला. फक्त ओढ्याकाठी सावली दाट होती.

त्या दोन दिवसांतल्या वाट पाहण्याची चव अजून जिभेवर आहे. वहिनी फोनकडे पाहत नव्हत्या. त्या बागेत जात, घडांवरून हात फिरवत, एखाद्या मण्याची साल सैल पडली आहे का ते बघत. ऊन वाढत होते. साखर जेवढी चढायची तेवढी चढली होती. आता यापुढचा प्रत्येक तास उताराचा होता. मी मात्र दर थोड्या वेळाने मेल उघडून बघत होते, आणि फोनच्या त्या गुळगुळीत, कोमट काचेचा स्पर्श मला नकोसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आली. खाते पुन्हा सुरू.

मी आनंदाने ओरडतच अंगणात आले, आणि त्याच भरात म्हणाले, ‘थांबा, पहिली ऑर्डर मीच टाकते!’

‘खबरदार, वन्सं,’ वहिनी म्हणाल्या. ‘आणि अहो, तुम्हीपण तो फोन खिशात ठेवा. मी बघितलंय.’

दादाने मुकाट्याने फोन खिशात ठेवला.

मग आम्ही तिघे ओट्यावर नुसते बसून राहिलो. आता कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी घरात, आम्हाला कधी न भेटलेल्या एखाद्या माणसाच्या बोटाखाली आमचे पान उघडायचे होते. ‘गोड आहे, साल पातळ आहे’ एवढ्याच शब्दांवर त्याने विश्वास ठेवायचा होता. आपला आकडा चांदण्यांमागे लपवून तो एका अनोळखी खिडकीत सरकवायचा होता. त्याच्या बँकेने विचारायचे होते, तूच का? आणि त्याने हो म्हणायचे होते. एवढ्या सगळ्यांचे हो जुळून आले, तरच आमच्या ओट्यापर्यंत एक होकार पोहोचणार होता. इतके दिवस तो रस्ता मला तारांचा आणि यंत्रांचा वाटत होता. त्या दुपारी तो माणसांनी भरलेला दिसला, आणि त्यातल्या एकाचाही चेहरा मला ठाऊक नव्हता.

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेले, तेव्हा फोन वाजला.

वहिनींनी तो लगेच उचलला नाही. हात पदराला पुसले, मग उचलला. परभणीच्या कुणा गृहस्थांनी द्राक्षांची एक पेटी मागवली होती. पैसे कार्डाने भरले होते.

‘तुमच्या ओळखीचे?’ त्यांनी मला विचारले.

‘नाही.’

‘अहो, तुमच्या?’

‘नाही बा,’ दादा म्हणाला. ‘परभणीत आपलं कोण आहे?’

वहिनींनी ते नाव पुन्हा एकदा वाचले, सावकाश, ओठ हलवत. फोन डोळ्यांना लावला. तो तसाच थोडा वेळ तिथे राहिला. मग माझ्या हातात देऊन त्या कात्री आणि टोपली घेऊन निघाल्या. सोनीबाई मदतीला पुढे आली, तर तिला त्यांनी हातानेच थांबवले.

मी मांडवाच्या तोंडाशी उभी राहिले. आत वहिनी एकेक कागद उकलत होत्या. एक घड पाहिला, सोडला. दुसरा तळहातावर तोलला, उजेडाकडे धरला, सोडला. ओळीच्या टोकाला गेल्या आणि पुन्हा परत आल्या. एवढ्या बागेत त्या माणसाच्या पेटीजोगता पहिला घड त्यांना अजून मिळत नव्हता. मग ओढ्याच्या अगदी काठावरच्या वेलीपाशी त्या थांबल्या, देठाला बोटांनी आधार दिला, आणि कात्रीचा आवाज झाला.